सव्वा कोटी अंक आणि इडलीचं पीठ

मूळ संख्या म्हणजे काय हे मी शाळेत शिकले असणारच, पण मला ते कळलं लग्नानंतर, मुलुंडच्या घरात, नारळाच्या वड्या ताटात लावताना.

धाकटे दीर तेव्हा आमच्यातच राहायचे. वयाने माझ्याहून थोडे लहान. मी त्यांना भावजी म्हणायचे, अहो-जाहो करायचे. ते मला वहिनी म्हणायचे आणि सरळ तू. ओट्याशी येऊन म्हणाले, "वहिनी, बारा वड्या घे. चारच्या तीन रांगा लागतात, सहाच्या दोन लागतात. आता तेरा घे आणि लाव सारख्या रांगांत."

मी लावून पाहिल्या. कशाही लावल्या तरी शेवटी रांग तुटायची.

"एकच लांब रांग लागते," मी म्हटलं.

"झकास. तीच मूळ संख्या. जिची एकच रांग लागते." आणि तेरावी वडी उचलून त्यांनी तोंडात टाकली. "झाल्या बारा. सुटला तुझा प्रश्न."

भावजींचं गणित असं आमच्या स्वयंपाकघरात यायचं. सासरे गेले तेव्हा ते एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज सोडलं आणि घाटकोपरला पाइप आणि नळांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागले. माझ्या नवऱ्याची नोकरी नवी, घराचा हप्ता डोक्यावर. कोणी त्यांना सोड म्हणालं नाही, कोणी नको सोडू असंही म्हणालं नाही. आमच्या घरात बोलत नसत. मी त्या घरात लवकर रुळले, कारण माझाही स्वभाव तोच. आता पन्नाशी ओलांडल्यावर जे लिहायला बसले आहे ते तेव्हा दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या पलीकडे, भावजींनी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर होता. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर मोठ्यात मोठी मूळ संख्या शोधतात, प्रत्येकाला एकेक संख्या तपासायला वाटून दिली जाते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कोणी तरी सातासमुद्रापलीकडून मुलुंड पूर्वेला एक संख्या पाठवतं आणि ती आमच्या टीव्हीशेजारी महिनोन् महिने शिजत पडते, याची मला गंमत वाटायची.

"पण संख्या शोधायची म्हणजे काय?" मी विचारलं होतं. "त्या कुठे हरवल्यात?"

त्यांनी समजावलं. एकापासून सुरुवात करायची आणि दुप्पट करत जायचं. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. कुठे तरी थांबायचं आणि एक वजा करायचा. चारातून एक गेला, तीन. आठातून गेला, सात. बत्तिसातून, एकतीस. तिन्ही मूळ.

"मग सापडली की युक्ती!"

"सोळातून घालव एक."

पंधरा. तीन पाचे पंधरा. माझी युक्ती तिथेच आटपली.

"कारण सोळासाठी तू चारदा दुप्पट केलीस, आणि चार स्वतःच मूळ नाही. जितक्या वेळा दुप्पट करायची तो आकडा आधी मूळ लागतो." मग माझ्याकडे बघून हसले. "अकरा मूळ आहे ना? मग अकरा वेळा कर दुप्पट, एक वजा कर, आणि सांग मला मूळ येते का."

दोन हजार सत्तेचाळीस आले. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिला भाग देत बसले. तीनाने नाही, साताने नाही, अकरा-तेरा-सतराने नाही, एकोणिसाने नाही. सोडून देणार होते आणि तेविसाने भाग गेला. तेवीस गुणिले एकोणनव्वद. घरी येऊन पर्स खाली ठेवायच्या आधी मी ते सांगितलं, आणि भावजी एवढे खूश झाले की सासूबाई म्हणाल्या, "हिला बढती मिळाली का काय?"

भावजींच्या वाट्याला त्या वर्षी जी संख्या आली होती ती एकाची चार कोटींहून जास्त वेळा दुप्पट करून, एक वजा करून मिळणारी होती. सुमारे सव्वा कोटी अंक. पानाला तीन हजार अंक बसवले तरी चार हजारांहून जास्त पानं. ती संख्या त्यांनी कधी लिहून पाहिली नव्हती, तरी तिच्याबद्दल ते शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

"तिचा शेवटचा अंक सात आहे."

"न बघता कसं काय सांगता?"

"दुप्पट करत गेलीस की शेवटचे अंक दोन, चार, आठ, सहा असेच फिरत राहतात. ही आठावर थांबते. एक गेला, सात."

कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिली तर ती नुसती एक-एक-एक अशी कोट्यवधी एकांची रांग, मध्ये एकही शून्य नाही. आणि ती मूळ निघाली तर? जगात अशा फार थोड्या संख्या ठाऊक आहेत. आजही, इतक्या वर्षांनंतर, पन्नासच्या थोड्याच वर. त्यातली एक आमच्या हॉलमधून निघाली असती.

मला खरी मजा वाटायची ती तपासण्याच्या पद्धतीची. दोन हजार सत्तेचाळीसला मी भाग देत बसले होते तसं सव्वा कोटी अंकी संख्येला कोण देत बसणार? मग एक कसोटी असते, तिच्यात भाग जाणारा आकडा शोधतच नाहीत. चार घ्यायचे. त्यांचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. जितक्या वेळा दुप्पट केली त्याहून दोन फेऱ्या कमी. शेवटी शून्य उरलं तर मूळ, दुसरं काहीही उरलं तर नाही.

एकतिसावर त्यांनी मला ती करून दाखवली. पाच वेळा दुप्पट, म्हणजे तीन फेऱ्या. चार चोक सोळा, दोन गेले चौदा. चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव, दोन गेले एकशे चौऱ्याण्णव, एकतीस सक एकशे शहाऐंशी, उरले आठ. आठ आठे चौसष्ट, दोन गेले बासष्ट, एकतीस दुणे बासष्ट. शून्य!

तेवढंच, पण चार कोटींहून जास्त फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत सव्वा कोटी अंकांचा वर्ग. म्हणून कॉम्प्युटर दिवसरात्र चालू.

"गावाचं गणित आणि आमचा मीटर," सासूबाई म्हणायच्या. पण त्यांनाच एक दिवस कॉम्प्युटरच्या त्या डब्याचा उपयोग सापडला. पुसताना त्यांनी त्याच्यावर पालथा हात ठेवला, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "अरे, अंग गरम आहे याचं." जानेवारीचे दिवस. मुलुंडला पहाटे बाकीच्या मुंबईपेक्षा जरा जास्तच गारवा, दही म्हणून लागायचं नाही. त्या रात्री सासूबाईंनी दह्याचा स्टीलचा डबा टॉवेलात गुंडाळून कॉम्प्युटरवर ठेवला. सकाळी सुरीने कापावं असं दही!

भावजींनी डोक्याला हात लावला, पण आईचा चेहरा बघून तह केला. कॅबिनेटच्या वरच्या पत्र्याला मध्ये जाळी होती, त्यातून गरम हवा बाहेर यायची. ती सोडून कडेच्या बंद पत्र्यावर डबा, तोही घट्ट झाकणाचा.

"आणि दही चालेल, पीठ नको," त्यांनी मला बजावलं. "ऐकलंस ना वहिनी? दही वाढत नाही. पीठ वाढतं."

मी ऐकलं होतं. हे मला लिहून टाकायचं आहे, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की माझ्या लक्षात नव्हतं.

संक्रांतीनंतर सोसायटीतल्या बायकांचं एकत्र हळदीकुंकू होतं. खायला काय, यावर चर्चा चालली होती आणि मी म्हटलं, इडल्या मी करते. समोरच्या दारातली शेजारीण लगेच म्हणाली, "नको गं बाई. मागच्या वेळी तुझ्या इडलीने माझ्या पोरांनी कॅरम खेळला." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मग घरी येऊन दुप्पट तांदूळ-डाळ भिजत घातली. थंडीत पीठ फुगलं नाही तर पुन्हा कॅरम. रात्री सगळे निजल्यावर मोठं पातेलं, काठापासून चार बोटंसुद्धा रिकामं न ठेवता, कॉम्प्युटरवर ठेवलं. कडेच्या पत्र्यावर ते मावत नव्हतं. जाळीवरच ठेवलं.

पहाटे उठले तर पीठ ताटली उचलून बाहेर आलेलं. पातेल्याच्या पोटावरून ओघळून जाळीत उतरलेलं. पातेलं उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं, जाळीतून फडक्याचं टोक घालून जेवढं निघेल तेवढं काढलं. आत कुठवर गेलं होतं ते मला दिसत नव्हतं. पंखा फिरत होता. पडद्यावर किती काम झालं तो आकडा रोजच्यासारखा पुढे सरकत होता.

यंत्र बंद पडलं असतं तर मी ओरडले असते. ते चालू राहिलं म्हणून मी गप्प बसले.

इडल्या कापसासारख्या झाल्या. शेजारणीने पाच खाल्ल्या.

भावजी संध्याकाळी कॉम्प्युटरपाशी बसले तेव्हा हवा हुंगून म्हणाले, "आंबूस वास येतोय गं."

"दह्याचा असेल," मी म्हटलं.

त्या वेळी त्या वाक्याचं मला काही वाटलं नाही. पुढे तेच वाक्य सासूबाईंच्या गळ्यात पडणार होतं.

फेब्रुवारीत निकाल आला. मूळ नाही. भावजी म्हणाले, "लाखांत एखादी निघते, वहिनी. आपलीच निघायला आपण कोण?" पुढची संख्या सुरू केली. पण आता कॉम्प्युटर मध्येच चुका दाखवायला लागला, थांबायला लागला. एका रविवारी त्यांनी कॅबिनेट उघडलं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, तिथून त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ बराच वेळ हलली नाही.

"आई," ते म्हणाले, "इथे आत काय सांडलं?"

मेमरीच्या पट्टीच्या कडेला पांढरा, वाळून कडक झालेला थर होता.

सासूबाई चष्मा लावून जवळ गेल्या. वाकून पाहिलं. मग त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मला आजही सांगता येत नाही त्या पाहण्यात काय होतं. त्यांनी पातेलं पाहिलं होतं का, की नुसतीच मान वळली? म्हणाल्या, "दहीच असेल रे. हात थरथरतो हल्ली माझा. मी कधी सांडलं असेल, कळलंही नसेल मला."

माझं लाटणं थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

"म्हणजे ती अख्खी तपासणी फुकट," भावजी म्हणाले. "कधीपासून चुकत होतं कुणास ठाऊक. आई, एवढं एकच माझं होतं."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते आईशी बोलेनासे झाले. जेवायला वाढलं की जेवायचे, औषध आणून टेबलावर ठेवायचे, पण बोलायचे नाहीत. आंबे आले आणि संपले, तरी नाही. सासूबाईंनी दही लावणं सोडून दिलं. मी म्हटलं, मी लावते, तर म्हणाल्या, "नको, विकतचं आण." तेव्हापासून आमच्या घरी पिशवीतलं दही. पावसाळ्यात कधी तरी मायलेक पुन्हा बोलायला लागले, पण कामापुरतं. पुढच्या वर्षी भावजींना गोरेगावच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि ते बोरिवलीला राहायला गेले. लग्न केलं नाही. कॉम्प्युटर भंगारात दिला. मूळ संख्यांचं नाव त्यांनी आमच्या घरात पुन्हा काढलं नाही.

मी मात्र सोडू शकले नाही. मला एक गोष्ट समजून घ्यायची होती: मी नक्की काय केलं होतं? मग एकदा, घरी कोणी नसताना, मी एकतिसाची ती कसोटी पुन्हा मांडली आणि मुद्दाम एक चूक केली. दुसऱ्या फेरीत आठ उरतात तिथे नऊ धरले. नव नवे एक्क्याऐंशी, दोन गेले एकोणऐंशी, एकतीस दुणे बासष्ट गेले, उरले सतरा. शून्य नाही. म्हणजे एकतीस मूळ नाही!

एका आकड्याची चूक आणि एकतिसासारखी सरळ संख्या खोटी पडली. मग उलट करून पाहिलं. दोन हजार सत्तेचाळीस घेतले, जे मोडतात हे मला माहीत होतं. बरोबर केलं तर नऊ फेऱ्यांनंतर एक हजार सातशे छत्तीस उरतात. मी एकेका फेरीत वेगवेगळ्या चुका करून पाहिल्या. दर वेळी शेवटी काही तरी भलतंच उरायचं, पण शून्य एकदाही नाही. तेव्हा मला कळलं की ही कसोटी कशी आहे. चुकीमुळे तिने नाहीला हो म्हणणं जवळजवळ अशक्य, पण होला नाही सहज म्हणते. शून्य यायला सगळंच बरोबर लागतं. भावजींच्या चार कोटी फेऱ्यांपैकी एका फेरीत माझ्या पिठाने एक अंक इकडचा तिकडे केला असेल तर पुढच्या सगळ्या फेऱ्या त्या चुकीचेच वर्ग करत बसल्या असणार. त्यांची संख्या मूळ असती तरी ते यंत्र नाहीच म्हणालं असतं.

म्हणजे ती मूळ होती का? हे बघणं पुढे सोपं झालं होतं. अशी प्रत्येक संख्या काही वर्षांनी दुसरं कोणी तरी पुन्हा तपासतं, आणि कुठल्या संख्येचं काय झालं ते कोणालाही इंटरनेटवर बघता येतं. माझ्या फोनवर दोन मिनिटांचं काम. मी ते कधी केलं नाही. सासूबाई होत्या तोवर केलं नाही, त्या गेल्यावरही नाही. शेवटच्या आजारपणात त्यांना मऊ भात आणि दही एवढंच जायचं. पिशवी कापून वाटीत दही काढताना मला रोज वाटायचं, आज सांगू. त्या म्हणायच्या, "आंबट आहे गं," आणि खायच्या.

मग अलीकडे बातमी आली की नवी सर्वात मोठी मूळ संख्या सापडली. चार कोटींच्या वर अंक. भावजींच्या संख्येच्या तिप्पट लांब, पण तशीच, दुप्पट करत जाऊन एक वजा केलेली. पेपर हातात तसाच राहिला. मी बोरिवलीची बस पकडली.

भावजी चहा करत होते. आता केस पिकलेत, पाठीत जरा वाकलेत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, बसले नाही.

"भावजी, तुमच्या मशीनमध्ये दही सांडलं नव्हतं. इडलीचं पीठ होतं. हळदीकुंकवाचं. मी ठेवलं होतं."

त्यांचा चमचा कपात फिरत राहिला.

"मीठ घातलं होतंस?"

"काय?"

"पिठात. मीठ रात्रीच घातलं होतंस की सकाळी?"

"रात्रीच. सकाळी घाई नको म्हणून."

"मग बरोबर," ते म्हणाले. "मिठाच्या ओलीतून वीज जाते. मला तेव्हाच वाटलं होतं, दह्याचा एवढा जाड थर कसा? दही वाळून असं होत नाही. पण मी पुढे विचारच केला नाही." त्यांनी गॅस बंद केला. आणि मग, गणितातून बाहेर आल्यासारखे, माझ्याकडे वळले. "उन्हाळाभर मी आईशी बोललो नव्हतो."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं आणि तू पोळ्या लाटत होतीस."

"हो."

"आईला कळलं होतं?"

"मला माहीत नाही. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. मी कधी विचारलं नाही."

"विचारलं नाहीस." ते हसले नाहीत, पण ओठ तसे झाले. "आपलं घर! आज कसं काय आठवलं? बातमी वाचलीस?"

"वाचली. तुमची संख्या मूळ होती का, ते मला कळायला हवं. असली तर ती माझ्यामुळे हुकली. ते मला एकटीने नाही बघायचं. तुमच्यासमोर बघायचं."

त्यांनी कप टेबलावर आणून ठेवले. मग म्हणाले, "मीही कधी बघितलं नाही. तुला काय वाटलं, मला जमलं नसतं? ती मूळ निघाली असती तर मी आईला कधीच माफ केलं नसतं. हे मला माहीत होतं. म्हणून नाही बघितलं. तेवढं एक मी तिच्यासाठी केलं असं मला वाटायचं. आता ते पण कोणासाठी केलं देव जाणे."

त्यांनी लॅपटॉप उघडला. चार कोटी आणि वरचा तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. इतक्या वर्षांनी, न अडखळता त्यांनी तो टाकला.

पानावर तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तपासणाऱ्याने घेतलेलं नाव आणि शेवटी उरलेल्या बाकीचं शेपूट, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेलं. पहिली ओळ भावजींची. खालच्या दोन कुणा अनोळखी माणसांच्या. त्या दोघांचं शेपूट अक्षर न् अक्षर सारखं. भावजींचं निराळंच, आणि त्याच्यासमोर शेरा, चुकीचं.

"मूळ नाही," भावजी म्हणाले. "दोन वेगवेगळ्या यंत्रांवर तीच बाकी आली, म्हणजे नक्की नाही. उत्तर माझं बरोबर होतं. गणित चुकलं होतं."

मला हलकं वाटलं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"सुटलीस असं समजू नकोस."

"नाही समजत."

"संख्येचं काही गेलं नाही. आईचं गेलं."

मग त्यांची नजर पुन्हा पडद्यावर गेली, आणि क्षणभर तो जुना माणूस दिसला. "हे बघ. अजून एकही तुकडा सापडलेला नाही तिचा. मोडते एवढं नक्की माहीत आहे. कशाने मोडते ते कोणालाच माहीत नाही. तुझे ते तेवीस आणि एकोणनव्वद होते ना, तसे हिचे कोणी तरी असणारच. पण कदाचित आपल्या हयातीत सापडायचे नाहीत."

"भाग जाणारा आकडा माहीत नाही, तरी मूळ नाही हे माहीत?"

"तीच तर कसोटी. तुला करून दाखवली होती."

चहा निवला होता, तरी आम्ही प्यायलो. मग ते म्हणाले, "नीघ आता. उजेडात पोचशील." जेवून जा म्हणाले नाहीत. त्या घरातून जेवल्याशिवाय मी कधी निघाले नव्हते.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "इडल्या छान झाल्या होत्या मात्र." मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि ते उठून पाणी घेऊन आले. आमच्या घराच्या मानाने ते पुष्कळ बोलणं होतं.

भावजींचा फोन आला नाही. मी केला नाही. आईशी ते उन्हाळाभर बोलले नव्हते. माझ्या वाट्याला किती येणार, हे मी मनात मोजायलाही धजत नव्हते. सासूबाई ज्या दिवशी गेल्या त्याची आठवण ठेवून ते दर वर्षी आमच्याकडे जेवायला यायचे. या वर्षी येतील की नाही, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न होता, आणि तो कसोटीला लावता येत नव्हता.

मग एका दुपारी ऑफिसात असताना फोन वाजला. भावजींचा मेसेज. शब्द नव्हते, त्याच पानाचा फोटो होता. आता चार ओळी होत्या. चौथी नवी. तिच्यातलं शेपूट मी बोट ठेवून, एकेक अक्षर करत, वरच्या दोन ओळींशी जुळवून पाहिलं. सगळं जुळत होतं. उत्तर माहीत असताना, ज्याने कोणाचं काहीच अडलं नव्हतं असं ते सगळं गणित त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलं होतं, चार कोटी फेऱ्या, आणि या वेळी एकही अंक हलला नव्हता.

चौथ्या ओळीत तपासणाऱ्याच्या नावाच्या जागी सासूबाईंचं नाव होतं. इंग्रजी अक्षरांत, पूर्ण, माहेरचं नव्हे, आमच्या घरचं.

खाली त्यांनी नंतर लिहिलं, "नवीन मशीन घेतलं. वर सगळी जाळीच आहे. काही ठेवता येणार नाही."

मी पुष्कळ काही लिहिलं आणि पुसलं. शेवटी लिहिलं, "रविवारी येऊ? दही घेऊन येते. झाकणाच्या डब्यात."

उत्तर यायला वेळ लागला. मी फोन पालथा ठेवला, पुन्हा उलटला.

"विरजण आण. इथे लावू."

घरी आल्यावर लक्षात आलं की आमच्याकडे विरजण नाही. त्या उन्हाळ्यापासून कधी ठेवलंच नव्हतं. समोरचं दार वाजवलं. शेजारीण आता आजी झाली आहे, पण जीभ तीच. "विरजण? तुमच्याकडे तर पिशवीतलं असतं ना?"

"हो," मी म्हटलं. आणि मग ते का असतं, तेही सांगितलं, दारातच उभं राहून, पातेलं जाळीवर ठेवलं तिथपासून. ती मधे एकदाही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं. मग आत गेली आणि वाटीभर दही घेऊन आली. वर ताटली ठेवली.

"सरळ धर," म्हणाली. "हिंदकळेल."